एकशे एकोणतीस भुंगेरे



हमालांची आणि तोलणाऱ्यांची संघटना बांधण्यात आमची तीस वर्षे गेली. अशा माणसाने या व्यासपीठावर उभे राहून किड्यांचा इतिहास सांगावा हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. पण फळांचा आणि आमचा संबंध जुना आहे. बाजार समितीच्या आवारात संत्र्यांची पेटी, पपईची पाटी, द्राक्षांचा क्रेट आमच्याच माणसांच्या पाठीवरून जातो. बागेत त्या फळावर काय काय मारले गेले याचा पहिला हिशेब त्यांच्या हातांच्या कातडीवर लिहिला जातो. फवारणीचा प्रश्न आमच्याकडे आला तो असा मजुरीच्या प्रश्नाचे बोट धरून. पुढे संघटनेच्या कचेरीतल्या कपाटात जी पुस्तके जमली, ती रात्री वाचता वाचता एक हकिगत हाती लागली. तीच आज सांगणार आहोत. शास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही. तेव्हा काम कोणी केले, पैसा कोणी दिला, फायदा कोणाचा झाला आणि विष कोणाच्या नाकात गेले, एवढ्याच बाजूने आम्ही या इतिहासाकडे पाहू शकतो.

किडीच्या अंगावर तिचाच शत्रू सोडावा ही कल्पना फार जुनी आहे. दक्षिण चीनमध्ये संत्र्यांच्या बागांत मुंग्या पाळण्याची चाल होती. ची हान या लेखकाच्या नावावर असलेला, परंपरेने इ. स. ३०४ सालचा मानला गेलेला वनस्पतींवरचा एक ग्रंथ आहे. त्यात तिचा उल्लेख सापडतो. बाजारात चटईच्या पिशव्यांतून मुंग्या घरट्यांसकट विकायला येत. बागवान त्या विकत घेऊन झाडावर सोडीत. तांबूस-पिवळ्या, नेहमीच्या मुंगीहून मोठ्या अशा या मुंग्या ज्या झाडावर नसत त्याची फळे किडून जात, असे ग्रंथकार म्हणतो. पुढे पुढे तर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर बांबूच्या काठ्या टाकून मुंग्यांसाठी पूल बांधण्यापर्यंत मजल गेली. ही मुंगी आपल्या ओळखीचीच आहे. कोकणात आंब्याच्या झाडावर पाने शिवून घर करणारी आणि वर चढलेल्या गड्याला कडकडून चावणारी ओंबील ती हीच. आमचे कोकणातले मित्र तिला शिव्या घालतात. कँटनकडचा बागवान तिच्यासाठी रोख पैसे मोजीत असे.

मुंग्यांची गोष्ट एवढ्यावर सोडून आपण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याकडे वळू. लॉस एंजलिस गावात विल्यम वुल्फस्किल नावाच्या गृहस्थाने १८४१ साली संत्र्यांची बाग लावली. विक्रीच्या हिशेबाने लावलेली त्या भागातली ती पहिली बाग. १८७६ साली तिथे रेल्वे पोहोचली आणि पुढच्याच साली या बागेतली संत्री डब्यात भरून थेट सेंट लुई शहरापर्यंत गेली. त्यानंतर जो तो संत्रीच लावू लागला. आपल्याकडे एका गावात एकाला द्राक्षात पैसा मिळाला की पुढच्या वर्षी साऱ्या शिवारात मांडव उभे राहतात, तसलाच प्रकार.

आणि मग कीड आली. १८६८-६९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मेन्लो पार्क येथे, ऑस्ट्रेलियातून आणलेल्या बाभळीच्या जातीच्या रोपांबरोबर ती उतरली असे मानतात. शास्त्रज्ञांनी तिचे नाव आयसेरिया पर्चेसी असे ठेवले आहे. आपण तिला कापशी कीड म्हणू, कारण मादीच्या पाठीमागे पांढऱ्याशुभ्र कापसाच्या लोडासारखी पिशवी असते आणि तिच्यात शेकड्यांनी अंडी असतात. डहाळीला सोंड खुपसून ती रस शोषत बसते. तिच्या अंगातून चिकट गोड पाणी गळते, त्यावर काजळीसारखी बुरशी धरते आणि हिरवीगार बाग काळवंडून जाते. शिवाय या किडीला नराची फारशी गरज पडत नाही. एकटी मादी झाडावर पोहोचली तरी पुरे. १८८० नंतरच्या चारपाच वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बागाच्या बागा तिने धरल्या. साबणाचे पाणी झाले, रॉकेलचे मिश्रण झाले. कंटाळून लोक झाडे उपटून जाळू लागले.

वुल्फस्किलच्याच बागेत, त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, १८८६ साली दुसरा एक इलाज सापडला. झाडावर तंबू टाकायचा आणि आत सायनाइडचा वायू सोडायचा. हा प्रयोग करणारा डॅनियल कॉकिलेट हा सरकारी कीटकतज्ज्ञ होता, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून काम करणारा अलेक्झांडर क्रॉ हा त्या बागेचा मुकादम. हा मुकादम ध्यानात ठेवावा अशी श्रोत्यांना विनंती आहे. धुरीने कीड मरे. पण उन्हात धुरी दिली की पाने करपत, म्हणून पुढे हे काम रात्री करण्याची पद्धत पडली. अंधारात, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जड तंबू ओढीत नेणारी माणसे आणि तंबूच्या शिवणीतून निसटणारा तो वायू. हा वायू माणसाला किती वेळात मारतो हे आम्ही इथे सांगत नाही. पुढे त्याच अमेरिकेत फाशीऐवजी देहदंडाच्या कोठडीत तोच वापरू लागले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आता वॉशिंग्टनला जाऊ. तिथे शेतकी खात्यात चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली हा प्रमुख कीटकतज्ज्ञ होता. मोठा हुशार, मोठा मानी आणि भांडखोर. त्याने एक साधा प्रश्न विचारला: ही कीड ऑस्ट्रेलियातली, तर तिकडच्या बागा ती का खाऊन टाकीत नाही? अर्थ उघड होता. तिकडे तिला खाणारे कोणीतरी असले पाहिजे आणि ते बोटीत चढायचे राहून गेले. ॲडलेडच्या फ्रेझर क्रॉफर्ड या गृहस्थाने कापशी किडीच्या शरीरात वाढणारी एक बारीक माशी पाहिली होती; तिचे नमुने त्याने धाडले होते. आता तिकडे माणूस पाठवणे तेवढे बाकी होते.

इथे सरकारी कारभाराची गंमत पाहा. खात्याच्या कीटकतज्ज्ञांनी परदेशी जाण्यावर खर्च करू नये असे कलम अमेरिकन संसदेने खात्याच्या अंदाजपत्रकातच घालून ठेवले होते. बागा मरोत, कलम मरता कामा नये. मग पळवाट निघाली. १८८८ साली मेलबर्नला मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरायचे होते आणि त्यासाठी परराष्ट्र खात्याला पैसा मिळाला होता. त्या प्रदर्शनाचा अमेरिकन आयुक्त फ्रँक मॅकॉपिन हा कॅलिफोर्नियाचाच. त्याने प्रदर्शनाच्या निधीतून दोन हजार डॉलर प्रवासखर्चाला द्यायचे कबूल केले. अशा रीतीने अल्बर्ट कोबेले नावाचा जर्मनीत जन्मलेला, अबोल आणि चिकट स्वभावाचा कीटकतज्ज्ञ प्रदर्शनाचा माणूस म्हणून ऑगस्ट १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. काम मात्र किडे धुंडण्याचे.

कोबेलेने आधी ती माशी गोळा केली. सुमारे बारा हजार माश्या त्याने खेपेखेपेने पाठवल्या. रायलीचा सारा भरवसा त्या माशीवर होता. पण १५ ऑक्टोबर १८८८ रोजी उत्तर ॲडलेडमधल्या एका बागेत कोबेलेच्या दृष्टीस वेगळेच काही पडले. ज्वारीच्या दाण्याएवढा, तांबडा, काळ्या डागांचा एक ढालकिडा कापशी किडीवर बसून तिला खात होता. हा व्हेडालिया भुंगेरा. कोबेलेने तोही गोळा करायला घेतला. डब्यांत कापशी किडीची शिदोरी घालून हे भुंगेरे त्याने बोटीच्या बर्फाच्या कोठीत ठेवायला लावले, म्हणजे प्रवासभर ते थंडीने निपचित पडून राहावेत.

जिवंत भुंगेरे लॉस एंजलिसला पोहोचले ते असे. ३० नोव्हेंबर १८८८ रोजी २८. २९ डिसेंबरला ४४. २४ जानेवारी १८८९ रोजी ५७. एकूण एकशे एकोणतीस. आमच्या एका हमालाच्या मुठीत सगळे मावले असते.

ते कॉकिलेटच्या हाती आले. सोडायचे कुठे? त्याच वुल्फस्किलच्या बागेत, कापशी किडीने भरलेल्या एका संत्र्याच्या झाडावर तंबू उभारला आणि त्यात ते सोडले. तीन वर्षांपूर्वी ज्या बागेत तंबूत विष कोंडले होते, त्याच बागेत आता तंबूत जीव कोंडला. भुंगेऱ्याची मादी कापशी किडीच्या पिशवीवर आपली तांबडी अंडी घाली. त्यांतून निघालेल्या अळ्या पिशवीत घुसून आतली अंडी फस्त करीत. थोड्याच आठवड्यांत नवे भुंगेरे तयार. एप्रिल उजाडेपर्यंत तंबूतल्या झाडावर खायला काही उरले नाही. १२ एप्रिल १८८९ रोजी तंबूची एक बाजू उघडली आणि भुंगेरे शेजारच्या झाडांवर गेले. दरम्यान फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी ३८५ भुंगेरे आले होते. म्हणजे ऑस्ट्रेलियातून आलेले सगळे मिळून ५१४.

१२ जूनपर्यंत कॉकिलेटने २०८ बागवानांना १०,५५५ भुंगेरे वाटले होते. वाटले, विकले नव्हेत. शिवाय लोक स्वतःच येऊन भुंगेरे असलेल्या डहाळ्या डब्यात घालून नेत, त्यांची मोजदाद निराळीच. सॅन गॅब्रिएलच्या डॉबिन्स नावाच्या बागवानाची ३२०० झाडे होती. त्याच्या बागेत भुंगेऱ्यांनी कीड इतकी साफ केली की, आता न्यायला भुंगेरे शिल्लक नाहीत असे त्याला जाहीर करावे लागले. १८८९ साल संपायच्या आत दक्षिण कॅलिफोर्नियातली कापशी कीड नाव घेण्यापुरती राहिली. लॉस एंजलिस जिल्ह्यातून रवाना झालेली संत्री एका वर्षात ७०० डब्यांवरून २००० डब्यांवर गेल्याची नोंद आहे.

कीटकशास्त्राच्या पुस्तकांत ही गोष्ट इथे संपते. आमची मात्र इथे सुरू होते, कारण काम झाले की श्रेयाची वाटणी येते आणि या वाटणीतले बारकावे संघटनेच्या माणसाला चांगले कळतात. कल्पना आपली, माणूस आपला, असे रायलीचे म्हणणे. पैसा आम्ही मिळवून दिला, असे मॅकॉपिनच्या बाजूचे म्हणणे. आणि कॅलिफोर्नियाच्या फलोद्यान मंडळाचे म्हणणे, वॉशिंग्टनची माणसे कागद रंगवतात, खरे काम आमचे. वर्षानुवर्षे हे भांडण चालले. बागवानांनी कोबेलेला सोन्याचे घड्याळ दिले आणि त्याच्या पत्नीला हिऱ्यांची कर्णफुले. रायलीला त्यांनी काही दिले नाही, आणि ते त्याला फार झोंबले. पुढे रायलीने १८९४ साली नोकरी सोडली आणि १८९५ साली सायकलवरून पडून तो वारला. कोबेलेही कॅलिफोर्निया सोडून हवाईला गेला. मुकादम क्रॉचे मात्र बरे झाले. तो पुढे राज्याचा बंदर-तपासनीस झाला आणि बाहेरून येणाऱ्या रोपांवरची कीड बोटीवरच अडवू लागला. मुकादमाने आपल्या हाताच्या ज्ञानावर असा अधिकार मिळवल्याचे वाचून आम्हाला मनापासून आनंद झाला, हे कबूल करायला हरकत नाही.

त्या तंबूभोवती, त्या बागांतून, फळे तोडणारी आणि पेट्या भरणारी माणसे कोण होती? त्या काळी त्यांत बरेचसे चिनी मजूर होते, आणि कॅलिफोर्नियातले चिनी बहुतेक करून कँटनच्या बाजूचे, म्हणजे जिथे संत्र्यांच्या बागांत मुंग्या पाळत त्याच मुलखातले. १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशाचे दार बंद केले होते. किडीला किडीने मारण्याची नवी युक्ती काढली म्हणून घड्याळे आणि कर्णफुले वाटली जात असताना, पेटीवर फळी ठोकणाऱ्या त्या माणसाला, बाबा रे, तुमच्याकडे यावर काय करतात, असे विचारावे हे कोणाच्या मनात आले असेलसे आम्हाला वाटत नाही.

माशीचेही तसेच. रायली जिच्यावर विसंबला होता ती माशी इतिहासातून जवळपास पुसली गेली. पण ती तिथे टिकली, आणि समुद्रकाठच्या दमट भागात कापशी कीड आवरण्याचे पुष्कळसे काम तीच करते. करून गेले गाव आणि भलत्याचेच नाव, ही म्हण किड्यांनाही लागू पडते.

या साऱ्या खटाटोपात आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट वेगळीच आहे. सायनाइड दरवर्षी विकत घ्यावे लागे. तंबू, मजुरी, रसायन यांचे बिल हंगामामागून हंगाम येई. भुंगेरा एकदाच आला. त्यानंतर तो कोणाच्या दुकानात बसला नाही. ज्या बागवानाने त्याच्यासाठी एक पैही दिली नव्हती त्याच्या बागेत तो कुंपणावरून उडून गेला, आणि ज्याने दिली होती त्याच्याइतकेच काम त्याने तिथे केले. अशा वस्तूचा व्यापार करता येत नाही. म्हणून तिच्यासाठी कोणी जाहिरात करीत नाही, कोणी अडत्या तिची शिफारस करीत नाही. सार्वजनिक पैशाने नेमलेला माणूस ती आणतो, आणि मग ती सगळ्यांची होते.

आता दुसरी बाजू. हा भुंगेरा इतका यशस्वी का झाला याची कारणे फार खास होती. तो कापशी किडीखेरीज जवळपास काही खात नाही. कीड एकदा विते तोवर त्याच्या दोन पिढ्या होतात. आणि त्याचे स्वतःचे शत्रू ऑस्ट्रेलियातच राहिले होते. कॅलिफोर्नियाच्या लोकांना मात्र वाटले, आता प्रत्येक रोगाला एक ढालकिडा. १८९१-९२ मध्ये कोबेलेला पुन्हा धाडले. त्याने ढालकिड्यांच्या कितीतरी जाती पाठवल्या. त्यांतल्या टिकल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या नादात काही बागवानांनी साधी निगाही सोडून दिली.

यापेक्षा वाईट उदाहरणे आहेत. ऊस कुरतडणाऱ्या उंदरांवर उपाय म्हणून १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगुसे जमैका बेटावर नेली. आपल्या गोष्टींतले मुंगूस इमानी असते. या मुंगुसांनी उंदीर थोडे मारले आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, कोंबड्या यांवर ताव मारला. जे दिसेल ते खाते ते जनावर असल्या कामाला चालत नाही, हा धडा फार महाग पडला. तो किती पक्का शिकला गेला याचा दाखला म्हणून गालापागोस बेटांकडे पाहावे. तिथल्या दुर्मिळ झाडांवर हीच कापशी कीड पोहोचली, तेव्हा हाच व्हेडालिया भुंगेरा नेला. पण शंभर वर्षांचा अनुभव गाठीशी असतानाही आधी सहा वर्षे परीक्षा घेतल्या आणि मग २००२ साली तो सोडला. १८८९ साली कॉकिलेटने असली परीक्षा घेतली नव्हती. त्याचे दैव बलवत्तर.

कोबेलेच्या दुसऱ्या फेरीतला एक किडा आपल्या घरापर्यंत आला आहे. त्याचे नाव क्रिप्टोलिमस. पिठ्या ढेकूण हे त्याचे खाद्य. हा भुंगेरा ऑस्ट्रेलियाच्या उबदार हवेतला. कॅलिफोर्नियाच्या हिवाळ्यात त्याची संख्या घसरे आणि उन्हाळ्यात वेळेवर वाढत नसे. तेव्हा त्याला दरवर्षी घरात वाढवून बागेत सोडणे भाग पडले. यासाठी अंधाऱ्या खोल्यांत बटाट्यांना मोड आणायचे, त्या मोडांवर पिठ्या ढेकूण पोसायचे आणि त्या ढेकणांवर भुंगेरे. कॅलिफोर्नियातल्या फिलमोर गावच्या बागवानांनी १९२२ साली आपला संघ करून, एकरामागे वर्गणी बसवून, हे काम स्वतःच हाती घेतले. तो संघ पुढे कित्येक दशके चालला. आपल्या देशात हा भुंगेरा १८९८ साली दक्षिणेत कॉफीच्या मळ्यांसाठी आणला गेला. आज नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार त्याला नावाने ओळखतात. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत बटाट्याच्या मोडांऐवजी लाल भोपळा वापरतात: भोपळ्यावर पिठ्या ढेकूण वाढतात आणि ढेकणांवर भुंगेरे. भोपळ्याचा इतका चांगला उपयोग स्वयंपाकघराबाहेर झालेला आम्हाला तरी ठाऊक नाही.

आता पुन्हा कॅलिफोर्निया, आणि साल १९४६. डीडीटीचे कीटकनाशक गुण पॉल म्यूलर याने १९३९ साली शोधले. महायुद्धात त्याने हिवताप आणि उवांपासून लाखो माणसांचे प्राण वाचवले, हे विसरून चालणार नाही. म्यूलरला १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते त्याबद्दल. युद्ध संपताच ते शेतात आले. सॅन वाकीन खोऱ्यातल्या संत्र्यांच्या बागांत वेगळ्याच किडींसाठी ते फवारले गेले. ज्यांच्यासाठी मारले त्या किडी मेल्याही असतील. पण त्याबरोबर व्हेडालिया भुंगेरा मेला, आणि सत्तावन्न वर्षे जिचे नाव कोणी घेतले नव्हते ती कापशी कीड पुन्हा झाडांवर पांढरी दिसू लागली. १९४६-४७ च्या त्या हंगामांत बागवानांच्या ध्यानात आले की कीड मेलेली नव्हतीच. तिच्यावर रोज कोणीतरी पहारा करीत होते आणि त्या पहारेकऱ्याला आपणच गोळी घातली. डीडीटी बंद करून, भुंगेरे शोधून आणून पुन्हा सोडावे लागले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

शास्त्रज्ञांना या प्रसंगाचे महत्त्व कळले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार कीटकतज्ज्ञांनी १९५९ साली एक प्रसिद्ध निबंध लिहून सांगितले की, किडीची संख्या नुकसानीच्या मर्यादेपर्यंत गेल्याखेरीज फवारू नये आणि फवारायचे तर मित्रकिडींना सांभाळून. आज आपले कृषी अधिकारी ज्याला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात त्याचे मूळ या निबंधात आहे.

पण त्याच खोऱ्यात, दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या लोकांनी हाच प्रश्न हाती घेतला, आणि तो इतिहास आम्हाला अधिक जवळचा आहे. डेलॅनो गावच्या द्राक्षमळ्यांत ८ सप्टेंबर १९६५ रोजी फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या पुढारपणाखाली संप सुरू केला. आठवड्याभरात सीझर चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना मिळाली. पाच वर्षे संप आणि द्राक्षांवर बहिष्कार चालला. २९ जुलै १९७० रोजी मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. त्या करारांत मजुरीच्या दराबरोबर विषाची कलमे होती: या मळ्यात डीडीटी वापरायचे नाही. अमेरिकन सरकारने डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी घातली १९७२ साली. म्हणजे सरकारच्या दोन वर्षे आधी ती बंदी मजुरांनी आपल्या करारपत्रात लिहून घेतली. त्यांना भुंगेऱ्याची काळजी नव्हती. आपल्या फुप्फुसांची आणि आपल्या बायकांच्या पोटातल्या पोरांची होती. व्हेडालियाच्या इतिहासाच्या पुस्तकांत हा करार सापडणार नाही, आणि संपाच्या इतिहासात व्हेडालिया सापडणार नाही. आमच्या कपाटात मात्र ती दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी उभी आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न किती जिवंत आहे हे वेगळे सांगायला नको. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात पडले. पाठीवर पंप, डोक्यावरून उंच गेलेली कपाशी, तोंडाला फार तर उपरणे. त्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत.

म्हणून आता आपल्याच देशातली, आपल्याच काळातली एक हकिगत सांगून थांबतो. २००८ साली कोइमतूरच्या बाजूला पपईवर एक नवा पिठ्या ढेकूण दिसला. मूळचा मेक्सिकोचा, आपल्याकडे त्याला ओळखणारा शत्रू नव्हता. पपईपासून तो तुतीवर, कसाव्यावर, वांग्यावर, शेकडो झाडांवर पसरला. तमिळनाडूतल्या तुतीच्या मळ्यांना त्याने धरले तेव्हा रेशीम काढणाऱ्यांच्या घरातल्या चुली थंड पडायची वेळ आली. केरळ, कर्नाटक असे करीत २०१० साली तो आपल्या पुण्याच्या बाजूला पपईच्या बागांत आला. शेतकऱ्यांनी मिळेल ते औषध मारले. पण अंगावर मेणाचे पीठ फासलेल्या किड्याला औषध लागणार कसे? मेल्या त्या मित्रकिडीच.

बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने अमेरिकन शेतकी खात्याच्या पोर्तो रिकोमधल्या प्रयोगशाळेशी पत्रव्यवहार केला. १८८८ साली कोबेलेला बर्फाच्या कोठीतून आठवडेच्या आठवडे किडे पाठवावे लागले. जुलै २०१० मध्ये तीन जातींच्या परोपजीवी माश्या विमानाने आल्या. आता परीक्षा घ्यायची शिस्त होती. दुसऱ्या उपयोगी किड्यांना त्या त्रास देत नाहीत ना, हे आधी बंद खोलीत पाहिले, आणि मग ऑक्टोबरपासून त्या बागेत सोडल्या. तिघींपैकी जिने खरे काम केले ती ॲसेरोफॅगस नावाची, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची माशी. शेतकी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे, रेशीम खाते यांच्यामार्फत ती जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली. शेतकऱ्यांना अट एकच घातलेली होती, आणि तीच पाळणे सर्वांत कठीण होते: माश्या सोडल्यावर फवारायचे नाही. बाग पांढरी पडलेली डोळ्यांनी दिसत असताना पंप कोपऱ्यात ठेवून बसायला छाती लागते.

जिथे पंप कोपऱ्यात राहिला तिथे काही महिन्यांत पपईची पाने पुन्हा हिरवी दिसू लागली. पान उलटून जवळून पाहिले की पिठ्या ढेकणांची वाळलेली, फुगीर कलेवरे चिकटलेली दिसत, आणि प्रत्येकाच्या अंगाला एकेक बारीक गोल भोक. आत वाढलेली माशी त्या भोकातून बाहेर पडून पुढच्या झाडाकडे गेलेली असे.